पुढच्या बागेतलं बाकडं

बाकडं कुठल्या तोंडानं ठेवायचं यावर मी तीन दिवस घालवले. आधी रस्त्याकडे तोंड केलं. मग वाटलं, येणारा-जाणारा प्रत्येक जण फाटकाशी थांबून विचारणार, "काय सर, बसलाय काय?" आणि मला काहीतरी उत्तर द्यावं लागणार. म्हणून ते घराकडे फिरवलं, तर समोर स्वयंपाकघराची खिडकी आली आणि ओट्याशी उभी असलेली सून, श्रद्धा. शेवटी तिरकं ठेवलं, जास्वंदीकडे बघणारं. संध्याकाळी माझा मुलगा गोमटेश कामावरून आला आणि हेल्मेट न काढताच बघत राहिला.

"अण्णा, ह्ये असं वाकडं का ठेवलंय?"

"असू दे. बरं दिसतंय."

"बघणाऱ्याला वाटंल टेम्पोनं मागं घेताना धडक दिली."

तो उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. बाकड्याच्या बाजूच्या दोन बिडाच्या चौकटी त्यानंच तिथं ओतून घेतल्या होत्या, वेलबुट्टीच्या. वर सागवानी पट्ट्या. दोघं उचलायला लागली तर तिसऱ्याला बोलवावं लागतं इतकं जड. मी तीन दिवसांत ते किती वेळा आणि कसं सरकवलं हे त्यानं विचारलं नाही, पण माझ्या कमरेकडे बघून त्याला कळलं असावं.

बाग म्हणायची म्हणजे फाटक आणि पायरी यांच्यामधली पंधरा फूट बाय बारा फुटांची जागा. शहापूरच्या अलीकडच्या आमच्या कॉलनीत सगळ्याच घरांपुढं तेवढी असते. कुणी तिथं मोटार ठेवतो, कुणी फरशी घालतो. आमच्याकडे एक जास्वंद, एक कढीपत्ता, माझ्या बायकोनं, राजमतीनं, लावलेली जाई आणि माझी बंद पडलेली स्कूटर होती. राजमती जाऊन चार वर्षं झाली. स्कूटर भंगारात दिली आणि तिथं बाकडं आलं.

"कशाला हवंय पण?" असं गोमटेशनं सुरुवातीलाच विचारलं होतं. वाचत बसायला, असं मी म्हणालो. ते अर्धंच खरं होतं. मला एका माणसाला एक वाक्य सांगायचं होतं आणि ते घरात, चार माणसांत, सांगता येण्यासारखं नव्हतं. घरात मला साधं मीठसुद्धा दुसऱ्यांदा मागवत नाही.

तो माणूस म्हणजे कृष्णात. आम्ही दोघं निपाणीचे, एका वर्गातले. तो जिल्हा न्यायालयात भाषांतरकार होता. साक्षीदार मराठीत बोलला की ते कन्नडमध्ये उतरवायचं आणि उलटंही. मी इथल्या एका वाचनालयात ग्रंथपाल. अडतीस वर्षांपूर्वी तो कन्नड-मराठी शब्दकोश मागायला माझ्या टेबलाशी आला, आणि आम्ही एकमेकांना ओळखलं. तेव्हापासून आमची मैत्री टेबलाच्या अल्याडपल्याड चालली. मी निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी भेटत राहिलो. त्यानं माझ्या घरी यावं किंवा मी त्याच्याकडे जावं, असं घडलं नाही. योग आला नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. आता त्याचे गुडघे गेले, वाचनालयाचा जिना चढवेना, आणि तो आपल्या मुलाकडे, दीपंकरकडे, राहायला आला. दीपंकर दातांचा डॉक्टर. त्याचा फ्लॅट आमच्या मागच्या दुसऱ्या गल्लीत.

औषधांच्या दुकानात भेट झाली तेव्हा मी धीर करून म्हणालो, "गुरुवारी ये की घरी."

"घरी?" त्यानं चष्म्यावरून बघितलं. "बरं. येतो."

आता ते वाक्य. ते सांगायचं तर निपाणीला जावं लागेल.

माझे वडील, आप्पा, तंबाखूचे व्यापारी. घराच्या मागं वखार होती. तिथं तंबाखू निवडायला बायका यायच्या, त्यांत कृष्णातची आई, तानीबाई. ती माणसं गावाबाहेरच्या वस्तीतली. पुढं ती सगळी बौद्ध झाली. दुपारी त्या बायका आमच्या अंगणातल्या दगडी कट्ट्यावर बसायच्या. त्यांचे कप कुंपणाच्या भिंतीतल्या कोनाड्यात. आमच्या घरातून चहा यायचा तो वरून ओतायचा. पिऊन झालं की त्या कप विसळून पुन्हा कोनाड्यात उपडे घालायच्या. यात काही वावगं आहे असं आमच्या घरात कुणाला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या उपड्या कपांची ओळ बघायला मला आवडायचं.

मी अकरा वर्षांचा असताना आप्पांनी मला कोल्हापूरहून नकाशांचं एक मोठं पुस्तक आणलं. रंगीत. मला ते कुणाला तरी दाखवायचं होतं. कृष्णात आईला भाकरी द्यायला आला होता. मी खिडकीतून हाक मारली, "ये की आत. कोण न्हाय." तो कचरला. मी परत हाक मारली. तो सोप्यातून माझ्या अभ्यासाच्या खोलीत आला आणि आम्ही जमिनीवर बसून आफ्रिका उघडली. तेवढ्यात आप्पा आले. दारातच थांबून म्हणाले, "ह्याला आत कुणी घेतलं?"

मी म्हणालो, "त्योच आला."

एवढंच. पुढं जे झालं ते मी पाहिलं, कृष्णातनं नाही, कारण तानीबाईनं त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं होतं. ते पुढं येईल; आत्ता लिहायला घेतलं तर हात अडतो.

तर वाक्य असं होतं: त्या दिवशी तुला मीच आत बोलावलं होतं, आणि आप्पांना मी खोटं सांगितलं. यासाठी बाकडं.

गुरुवारी दुपारी मी तीनलाच बाहेर येऊन बसलो. श्रद्धा घरी शिकवण्या घेते. चार ते सहा हॉलमध्ये आठ-दहा मुलं असतात. त्यामुळे बाहेर बसणंच शहाणपणाचं, असं मी पुन्हा एकदा ठरवलं. बाकडं आल्यावर श्रद्धानं हौसेनं तीन हिरवे मेलामाइनचे कप आणले होते आणि बाहेरच्या नळावर भिंतीला एक फळी ठोकून त्यावर ठेवले होते. "काचेचे आत राहू देत, अण्णा. बाहेर न्यायचे म्हटले की एक तरी फुटतो. आणि मातीच्या पायांनी आत-बाहेर नको." मी मान डोलावली. चांगली सोय आहे असं म्हणालोही.

कृष्णात चारला आला. पांढरा शर्ट, काठी, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. फाटकातून आत येऊन त्यानं बागेकडे, बाकड्याकडे, मग बंद दाराकडे बघितलं. दार मुलांच्या आवाजामुळे लोटलेलं होतं.

"हितंच बसायचं?"

"व्हय. वारं चांगलं असतंय."

तो टोकाला बसला. "सरकारी बागंत आल्यागत वाटाय लागलंय. एक पाटी लाव. फुलं तोडू नयेत."

"लावतो."

"आणि प्रेमी युगुलांना बंदी."

मी हसलो आणि वाक्य घशाशी आणलं. तेवढ्यात श्रद्धा दार ढकलून चहाची किटली घेऊन आली. "काका, नमस्कार," म्हणाली, फळीवरचे दोन हिरवे कप काढले, बाकड्याच्या कडेवर ठेवले आणि वरून चहा ओतला. आतून कुणीतरी "टीचर" म्हणून ओरडलं, तशी ती पळाली.

मी त्या कपाकडे बघितलं. भिंतीवरच्या फळीकडे बघितलं. मग कृष्णात कुठं बसला आहे ते बघितलं. अंगण, बसायला बाहेरचं बाकडं, बाहेर ठेवलेले वेगळे कप, वरून ओतलेला चहा. हे सगळं मी उभं केलं होतं. मापं घेऊन, मुलाला कामाला लावून, तीन दिवस कंबर मोडून.

कृष्णात चहा प्याला. न्यायालयातल्या एका जुन्या वकिलाची गोष्ट सांगितली. मला ती आठवत नाही, कारण मी ऐकत नव्हतो. चहा संपल्यावर तो काठी टेकत उठला, नळाशी गेला, कप विसळला आणि फळीवर उपडा घातला.

"निघतो. तुमची जेवायची वेळ झाली असंल."

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण होतं, पण तेव्हा पाचसुद्धा वाजले नव्हते. मला थांब म्हणता आलं नाही. फाटक लावताना मी एवढंच म्हणालो, "पुढच्या गुरुवारी?"

"बघतो."

त्या आठवड्यात मला एका जागी बसवलं नाही. पुस्तक घ्यायचो, चार ओळी व्हायच्या, उठून खिडकीशी. त्यानं कप मुद्दाम विसळला की सवयीनं? भाषांतरकार होता, सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं साहेबांच्या बरोबरीनं बसला, त्याला असली सवय कुठली? मग मुद्दाम. की आपल्यालाच उगीच तसं दिसतंय? माझी ही खोडच आहे. मी माणसापेक्षा माणसाबद्दलच्या शंकांशी जास्त वेळ बोलतो. एकदा वाटलं त्याच्याकडे जावं. दीपंकरच्या इमारतीपर्यंत गेलोही. खाली पाटीवर दवाखान्याच्या वेळा वाचल्या आणि दात दुखत नसताना वर कसं जायचं म्हणून परत आलो.

शनिवारी मी ते तिन्ही हिरवे कप काढून माळ्यावर टाकले. फळीसुद्धा उचकटली. श्रद्धानं भिंतीतली भोकं बघितली.

"अण्णा, फळी काय झाली?"

"काढली."

"का?"

"बरी दिसत नव्हती."

"मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, चांगली सोय आहे." ती थांबली. "माझं काही चुकलं का?"

"तुझं काही नाही."

"मग कप माळ्यावर का?"

मी वर्तमानपत्र उघडलं. ती निपाणीची नव्हे, सांगलीकडची. आमच्या अंगणातला कोनाडा तिनं पाहिलेला नाही. तिला सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागणार. त्यापेक्षा तिला वाटू दे म्हातारा विक्षिप्त झालाय. तिला तसंच वाटलं. जेवायला वाढताना तिनं माझं ताट जरा जोरातच ठेवलं. गोमटेश दोघांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "काय चाललंय तुमच्या दोघांचं? मला कुणी सांगणार हाय का, का मी बाहेर बाकड्यावर जाऊन जेवू?"

गुरुवारी कृष्णात येईल असं मला वाटलं नव्हतं. चारला दहा मिनिटं कमी असताना फाटक वाजलं. मी जवळजवळ धावत गेलो. तो बाकड्याकडे वळायला लागला, तर मी त्याचा हात धरला.

"तिथं न्हाय. आत चल."

"आत?"

"आत. हॉलमध्ये."

"शिकवणी असती न्हवं?"

"असू दे."

आत श्रद्धासमोर सतरंजीवर नऊ मुलं बसली होती आणि सतराचा पाढा चालला होता, आधी इंग्रजीत, मग कन्नडमध्ये. आम्ही आलो तसा पाढा थांबला. नऊ जणांनी आमच्याकडे बघितलं. मी कृष्णातला सोफ्यावर बसवलं, बरोबर मधोमध, आणि शेजारी स्वतः बसलो. श्रद्धानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"कंटिन्यू," ती मुलांना म्हणाली.

पाढा सुरू झाला. कृष्णात काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मी काहीतरी बोललो, त्याला ऐकू आलं नाही. एका मुलीचं दप्तर त्याच्या पायाशी होतं, त्यामुळे त्याला गुडघा सरळ करता येईना. पाच मिनिटं गेली असतील.

"श्रीपाल, चल की बाहेर बसू. लई कालवा हाय हितं."

"नको. आतच बरं हाय."

"अरे, गुडघा आखडलाय माझा."

"दप्तर सरकवतो."

"दप्तर नको सरकवूस, मला उठू दे."

"चहा होऊ दे. आतच घेऊ."

त्यानं काठी जमिनीवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "का रं, गेल्या खेपंला बाहेर ठेवलास, आता आत डांबून ठेवणार व्हय मला?"

मुलं हसली. श्रद्धा हसली नाही. कृष्णात उठला आणि दार उघडून बाहेर गेला. मी त्याच्या मागून.

तो बाकड्यावर बसला, या वेळी मधोमध, त्यामुळे मला उभं राहावं लागलं. मग तो थोडा सरकला. मी बसलो. भिंतीतल्या दोन भोकांकडे त्यानं काठीनं बोट दाखवल्यासारखं केलं.

"फळी काढलीस."

"व्हय."

"म्हंजे बघितलंवतंस. मी कप मुद्दाम उपडा घातला. तू बघतोस का न्हाय ते बघायचं होतं. बघितलंस, पण तोंड उघडलं न्हाईस."

आता नाही बोललो तर कधीच नाही, असं वाटून मी समोर जास्वंदीकडे बघत भरभर म्हणालो, "कृष्णात, मला एक सांगायचंय. त्या दिवशी, नकाशांचं पुस्तक बघाय तुला मीच आत बोलावलंवतं. आप्पांनी इच्यारल्यावर मी म्हणालो तूच आलास. ते खोटं होतं."

तो माझ्याकडे वळला. "हे तू मला सांगतोस?"

"व्हय."

"अरे, मी होतो की तिथं. हाक तू मलाच मारलीस. दोनदा. मला म्हाईत न्हाय व्हय, कोणी बोलावलं ते?"

हे मला त्रेसष्ट वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी ते गुपित म्हणून जपलं होतं. घरच्यांपासून, राजमतीपासून, आणि सगळ्यांत जास्त कृष्णातपासून. ज्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्याच्यापासून लपवत मी अडतीस वर्षं टेबलाशी बसलो.

"मला वाटायचं, तू इसरलास," कृष्णात म्हणाला. "लहान होतास, आप्पांना भ्यालास, बोलून गेलास आणि इसरलास. तेवढं धरून मी वाचनालयात येत होतो. इसरलेल्या माणसावर काय राग धरायचा? आणि तुला सारं ध्यानात होतं."

"व्हय."

"सारी वर्षं."

"रोज न्हाय. पण व्हय."

"मग ते निराळं झालं, श्रीपाल."

त्यानं वर्तमानपत्राची गुंडाळी दुसऱ्या हातात घेतली. तो उठून जाईल असं मला वाटलं, आणि तो गेला असता तर त्याला परत बोलावण्याचा अधिकार मला उरला नव्हता, हेही कळत होतं. तो उठला नाही.

"मला आईनं रस्त्यावर काढलं," तो म्हणाला. "फाटक लावून घेतलं. मग ती बाहेर आली ती बऱ्याच वेळानं. तोंड कसं झालंवतं तिचं. दुसऱ्या दिवसापासनं तुमच्या वखारीत गेली न्हाय. मी लई इच्यारलं. मरंपर्यंत सांगितलं न्हाय तिनं. तू आत होतास."

"होतो."

"मग सांग."

"आप्पा तिला बोलले, लई वाईट..."

"गोळाबेरीज नको. कोण काय म्हणालं तेवढं सांग."

आतला पाढा थांबला होता. दार उघडलं आणि श्रद्धा ट्रे घेऊन पायरीवर आली. ट्रेमध्ये आतले काचेचे कप होते. आमचे चेहरे बघून ती तिथंच थांबली. कृष्णातनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला आत जा म्हणणं सोपं होतं. बाकडं करून घेतलं ते कुणी ऐकू नये म्हणूनच.

मी म्हणालो, "तानीबाईनं आप्पांपुढं हात जोडले. आप्पा म्हणाले, माझ्यापुढं नको. ह्या पोरापुढं जोड. ह्याचं पुस्तक बाटवलं तुझ्या पोरानं."

"पुढं."

"ती माझ्याकडं वळली. मी पुस्तक घेऊन दारात उभा होतो. ती खाली बसली आणि म्हणाली, चुकलं, धाकटं मालक. आप्पा म्हणाले, ऐकू आलं न्हाय. ती परत म्हणाली. आप्पा परत म्हणाले, ऐकू आलं न्हाय. तिसऱ्यांदा ती मोठ्यानं म्हणाली. वखारीतल्या सगळ्या बायकांनी ऐकलं."

"तू काय म्हणालास?"

"काय न्हाय."

"काय केलंस?"

"पुस्तक मिटलं. आणि आत गेलो."

कृष्णातनं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. रस्त्यावरून भाजीवाला गाडी ढकलत गेला, त्यानं मला हात केला, मी त्याला हात केला नाही. श्रद्धानं ट्रे पायरीवर ठेवला आणि ती त्याच्या शेजारीच बसली. दारात दोन मुलं येऊन उभी राहिली; तिनं त्यांना हातानंच मागं सारलं.

"परत सांग," कृष्णात म्हणाला.

"परत?"

"पहिल्यापासनं. हाक मारलीस तिथनं."

मी श्रद्धाकडे बघितलं, तिनं नजर काढून घेतली नाही. मग मी हाक मारली तिथून सुरू केलं, आणि या खेपेला जरा मोठ्यानं.